आधी टाकी, मग किल्ली

पावसाळा सरत आला, की पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात दोन तयाऱ्या एकदम सुरू होतात. पहिली कारखान्याच्या आत. हंगाम संपल्यापासून उकलून ठेवलेले मिलचे रोलर पुन्हा जागेवर बसतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, वजनकाटा पाहिला जातो आणि मग मंडप घालून, सत्यनारायणाची पूजा सांगून बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. दुसरी तयारी कारखान्याच्या बाहेर, गावाच्या कडेला, एखाद्या चिंचेखाली किंवा अर्धवट पत्र्याच्या शेडमध्ये चालते. तिथे गेल्या हंगामातली शेवटची खेप टाकून आलेला ट्रक चाकांभोवती गुडघाभर गवत घेऊन उभा असतो. मालक येतो. बॅटरी चार्ज करून आणतो, चाकांत हवा भरतो, बॉनेटवरची पाने झटकतो आणि केबिनमध्ये चढून सेल्फ मारतो. पहिल्यांदा नुसतीच घरघर होते. दुसऱ्यांदा थोडा पांढरा धूर. तिसऱ्या-चौथ्या वेळी गाडी सुरू झाली, की आजूबाजूची पोरे ओरडतात आणि मालकाच्या चेहऱ्यावर कृतकृत्य भाव येतो.

मला वाद घालायचा आहे तो नेमका या कृतकृत्य भावाशी. पाच-सहा महिने उभ्या असलेल्या जुन्या डिझेल ट्रकची किल्ली टाकी साफ केल्याशिवाय फिरवणे, हा आपल्याकडे रिवाज झाला आहे. तो रिवाज महागाचा आहे आणि प्रसंगी जिवावर बेतणारा आहे. खंडेनवमीला ट्रकची पूजा होते तेव्हा हार बॉनेटला, लिंबू-मिरची बंपरला, हळदकुंकू स्टेअरिंगला आणि नारळ चाकापुढे, अशी वाटणी ठरलेली असते. चॅसीला पट्ट्यांनी आवळून बसवलेल्या त्या दीडशे-दोनशे लिटरच्या पत्र्याच्या टाकीच्या वाट्याला काहीच येत नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला या टाकीत डोकावायचे कारण काय, असे कुणी विचारील. कारण इतकेच, की कादंबऱ्या मी रात्री लिहीत असे. दिवसा मी बँकेत होतो, आणि ऊसपट्ट्यातल्या शाखांमध्ये असताना वाहनकर्जाच्या फायलींबरोबर या ट्रकांचेही दर्शन मला पुष्कळ घडले.

टाकीत होते काय, ते आधी पाहू. हंगामाच्या शेवटी मालक टाकी भरून ठेवत नाही. डिझेल चोरीला जाते, हे एक कारण. पैसा अडकतो, हे दुसरे. तेव्हा टाकी पाव-अर्धी असते आणि उरलेल्या पोकळीत हवा. ही हवा कोरडी नसते. मृगापासून हस्तापर्यंतची ओल तिच्यात असते. दिवसा पत्रा तापतो, रात्री निवतो, आणि थंड फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून जसे पाणी सुटते तसे टाकीच्या पत्र्याला आतून सुटते. थेंब ओघळून तळाशी जातात, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलके. हा क्रम महिनोन्‌महिने चालतो. त्यात टाकीचे झाकण बऱ्याचदा जागेवर नसते; त्याच्या जागी पोत्याचा तुकडा कोंबलेला असतो. मग काय, वरचा पाऊसही आत.

पाणी नुसते पाणी राहिले असते तरी एक वेळ भागले असते. परंतु पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भेटतात त्या पातळ रेषेवर जीवसृष्टी वाढते. बुरशी आणि जीवाणू डिझेलवर जगतात आणि पाण्यात राहतात. त्यांतली होर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी तर इतकी चिवट, की १९५० आणि १९६०च्या दशकांत तिने जेट विमानांच्या इंधनटाक्यांतही उच्छाद मांडला होता. या मंडळींचा काळपट, बुळबुळीत थर तळाशी साचतो, त्यातून आम्ल तयार होते आणि ते पत्रा खाते. शिवाय डिझेल स्वतःही शिळे होते. हवेशी संयोग होऊन त्यात डिंकासारखा चिकटा धरतो. पाणी, गंज, शेवाळासारखा राडा आणि चिकटा, एवढा ऐवज घेऊन टाकी बसलेली असते आणि वरून ती अगदी शांत दिसते. गाडी उभी असेपर्यंत हा सगळा गाळ तळाशी निवांत असतो. किल्ली फिरवली, गाडी खड्ड्यातून हलली, की तो ढवळला जातो आणि नळीतून पुढे निघतो.

पुढे कुठे? पंपात. आणि इथेच सगळी गोष्ट आहे. रूडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली चालले खरे, पण ते लहान होऊन रस्त्यावरच्या गाडीत बसायला चांगला इंधनपंप लागत होता. रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने असा पंप १९२७ साली मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. आपल्याकडे १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले आणि बंगळूरच्या मायकोने पंप. आजही जुना मिस्त्री ‘पंप’ म्हणत नाही, ‘मायको’च म्हणतो. या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक बारीक दट्ट्या असतो आणि तो ज्या नळीत वरखाली होतो तिच्यात आणि त्याच्यात अंतर असते अवघे दोन ते चार मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. म्हणजे केसाचे उभे वीस-पंचवीस भाग करावेत आणि त्यातला एक भाग त्या फटीत जेमतेम मावावा. या दट्ट्याला वेगळे वंगण नसते. डिझेल हेच त्याचे वंगण. तिथे डिझेलऐवजी पाणी आले, की तो कोरडा घासतो. गंजाचा कण आला, की ओरखडा पडतो. चिकटा आला, की अडकून बसतो.

मी एका नदीकाठच्या तालुक्याच्या गावी शाखेत होतो तेव्हा एक वयस्क पंपमिस्त्री बँकेत खात्यासाठी यायचे. त्यांच्या दुकानात मी अनेकदा जाऊन बसलो. एकदा एक ट्रकमालक, खंडेनवमीच्या मुहूर्तावर गाडी सुरू करून आठव्या दिवशी पंप खोलून घेऊन आला होता. मिस्त्रींनी दट्ट्या उजेडात धरून त्याला ओरखडे दाखवले आणि म्हणाले, “पावणं, ह्यो पंप म्हंजी घड्याळ हाय. घड्याळात माती घालून किल्ली देतासा व्हय?” मालक म्हणाला, फिल्टर नवा टाकला होता. त्यावर मिस्त्री फक्त हसले.

फिल्टर नवा टाकला, हे उत्तर मी पुढेही फार ऐकले. फिल्टर हवाच, पण तो रोजच्या धुळीसाठी असतो, साचलेल्या गाळासाठी नव्हे. घाण टाकीवर लावलेला नवा कागदी फिल्टर काही तासांत तुंबतो. मग गाडी चढाला दम खाते, थांबते, ‘एअर धरते’. ड्रायव्हर रस्त्याकडेला बसून फिल्टर काढतो, झटकतो, पुन्हा लावतो. पाणी तर फिल्टरखालच्या वाटीत मावेल तेवढेच थांबते, बाकीचे पुढे जाते. गौरी-गणपतीच्या आधी घरातली पाण्याची टाकी आपण आत उतरून घासून घेतो. नळाला फडके बांधले आहे, टाकी कशाला धुवायची, असे घरातली बाई कधी म्हणत नाही.

तर मग करायचे काय? मिस्त्रींच्या हाताखाली जे पाहिले ते जसेच्या तसे सांगतो. किल्लीला हात लावायचा नाही. आधी बॅटरीची तार सुटी करायची. गाडी सपाट जागी असावी, आणि भर उन्हात नसावी. टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून आतले सगळे डिझेल पिंपात उतरवायचे. पहिले पाच-दहा लिटर वेगळ्या बादलीत घेऊन तासभर ठेवले, की टाकीत किती पाणी होते ते आपोआप दिसते. खाली पाणी, मध्ये काळा पापुद्रा, वर डिझेल, असे थर पडतात. मग पट्टे सोडून टाकी खाली घ्यायची. जागेवरच धुऊ, असा मोह होतो, पण टाकीच्या पोटात डिझेल हिंदकळू नये म्हणून आडव्या पत्र्याच्या भिंती असतात आणि घाण नेमकी त्यांच्या कोपऱ्यांत बसते. इंधनाच्या काट्याचा फ्लोट काढला, की हात घालायला भोक मिळते. बॅटरीवर पत्र्याच्या आतून नजर टाकायची, आत गंजाचे पापुद्रे असतील तर थोडे स्वच्छ डिझेल आणि हातभर लोखंडी साखळी आत सोडून टाकी दोघांनी दोन्हीकडून हलवायची. साखळी मोजून आत टाकायची आणि मोजून बाहेर काढायची. दोन-तीनदा डिझेलने खळबळून, शेवटचे पाणी (म्हणजे डिझेलच) पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहायचे. फडके स्वच्छ राहिले तर टाकी धुतली. पाण्याने आणि साबणाने टाकी धुणारेही आहेत. त्यात अडचण एवढीच, की ज्या पाण्याला हाकलायचे तेच आपण आत घेतो, आणि नंतर टाकी हाडासारखी कोरडी करण्याइतका धीर कुणाला नसतो.

यानंतरची कामे लोक घाईत उरकतात म्हणून तीही सांगतो. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या नळीच्या टोकाची जाळी साफ करायची. रबरी नळ्या बदलायच्या, कारण वर्षानुवर्षांच्या नळ्या आतून सोलपटतात. दोन्ही फिल्टर नवे, आणि ते स्वच्छ डिझेलने भरून बसवायचे. हातपंप मारून नळ्यांतली हवा काढायची. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार येईपर्यंत कंटाळायचे नाही. आणि किल्ली फिरवण्याआधी पंपाचा बंद करण्याचा दांडा हाताने मागे-पुढे करून पाहायचा. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत पंपातला डिझेलचे माप ठरवणारा दांडा चिकटून बसलेला असू शकतो. तो भर डिझेलच्या जागी चिकटला असेल तर इंजिन सुरू होताच सुसाट सुटते आणि किल्ली काढली तरी थांबत नाही. मिस्त्री पहिल्या सेल्फच्या वेळी एका माणसाला लाकडी फळी देऊन हवेच्या तोंडाशी उभे करत. गाडी सुटली तर फळी तोंडावर दाबायची, हवा कोंडायची. हात किंवा फडके नव्हे, फळी. कारण हात आणि फडके दोन्ही आत ओढले जातात. मी पाहिले त्या काळात फळीची गरज एकदाच पडली. पण त्या एका वेळी शेडमधला प्रत्येक माणूस पांढराफटक झाला होता.

हे सगळे दीड-दोन दिवसांचे काम आहे. एवढा वेळ कुणाला आहे, असा प्रश्न येतो. गळीत हंगामाची तारीख सरकार ठरवते. २०२३ मध्ये ती १ नोव्हेंबर होती, २०२४ मध्ये १५ नोव्हेंबर. म्हणजे दसरा ते हंगाम यांत कधी आठवडाभर, कधी जवळजवळ पाच आठवडे हाताशी होते. वेळ नसतो असे नाही. वेळ असल्याचे शेवटच्या तीन दिवसांत लक्षात येते. आणि पैशाचे म्हणाल, तर जुना हिशेबनीस म्हणून आकडेच मांडतो. पावसाळ्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून ठेवली तर आत हवा राहत नाही आणि ओल धरायला जागा उरत नाही. दोनशे लिटर, लिटरला नव्वद रुपये धरा, अठरा हजार झाले. बारा टक्के दराने सहा महिन्यांचे व्याज एक हजार ऐंशी रुपये. झाकणाला कुलूप धरून हा खर्च दीड हजारांत बसतो. पंप आणि सहा नोझल उतरवून कामाला दिले, की त्या बिलापुढे हा आकडा औषधालाही दिसत नाही, आणि पंप दुकानात असेपर्यंत खेपा बुडतात ते वेगळेच.

पण प्रश्न फक्त मालकाच्या खिशाचा असता, तर मी रविवारची ही जागा अडवली नसती. ऊस भरलेला ट्रक रात्री चढावर बंद पडतो तेव्हा काय होते, ते या भागात राहणाऱ्या सगळ्यांनी पाहिले आहे. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद. गाडी आहे तिथेच, अर्ध्या रस्त्यात उभी राहते. बॅटरी अशक्त, त्यामुळे मागचे दिवे मिणमिणते किंवा तेही नाहीत. उसाची वाढे मागे लोंबत असतात आणि रिफ्लेक्टर असला तरी त्यांच्याआड. क्लीनर चार धोंडे आणून मागे ठेवतो, बाभळीची फांदी खोचतो आणि ड्रायव्हर फिल्टर झटकत बसतो. तेवढ्यात मागून मोटरसायकलवर कुणीतरी दुसऱ्या पाळीहून घरी येत असते. अपघाताच्या पंचनाम्यात ‘रस्त्यात उभा ट्रक’ असे येते. तो उभा का राहिला, हे तिथे कुणी लिहीत नाही.

लिहीत नाही, कारण टाकीचा रकाना कुठेच नाही. कारखाना वाहतूकदाराशी करार करताना उचल देतो आणि कागद पाहतो: आर. सी., विमा, परमिट, जामीनदार. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागते. तिथे ब्रेक, दिवे, धूर पाहतात. बँकेचा तपासणीचा नमुना तर मला तोंडपाठ आहे. चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक, टायरची स्थिती, रंगाची स्थिती, गाडीवर बँकेचे नाव लिहिले आहे की नाही. टायर आणि रंग यांवर कर्जाची सुरक्षितता ठरवणारी ती पद्धत होती. गाडी कमावते इंजिनावर, आणि हप्ता फिटतो कमाईवर, पण इंजिनाच्या पोटात काय जाते याची विचारणा त्या कागदात नव्हती. कारखाना आपल्या स्वतःच्या यंत्रांची सारा पावसाळाभर ओव्हरहॉलिंग करतो, त्यासाठी वेगळे अंदाजपत्रक ठेवतो. त्याच कारखान्याची गव्हाण ज्या ट्रकांवर भरायची, त्यांची टाकी मात्र ज्याची त्याने पाहावी. करार करतानाच, उचलीतला एक छोटा हिस्सा टाकी धुतल्याचे दाखवल्यावर द्यायचा, असे ठरवणे कारखान्याला अवघड नाही. आवारात एक ओटा बांधून एक मिस्त्री पंधरा दिवस बसवला, तरी पुष्कळ काम होईल. इतक्या जुन्या गाड्या भंगारातच गेल्या पाहिजेत, असे म्हणणारे आहेत आणि धोरण म्हणून ते खोटे नाही. सरकारी गाड्यांना १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांची मर्यादा लागू झालीच आहे. पण खासगी जुना ट्रक या हंगामात रस्त्यावर येणार आहे, हेही तितकेच खरे. आणि नव्या गाड्यांनी निश्चिंत व्हावे असेही नाही. कॉमन रेलच्या इंजिनात डिझेलचा दाब जुन्या पंपाच्या कितीतरी पट असतो. तिथे पाण्याचा थेंब अधिकच महाग पडतो.

राहिला तो टाकी धुणारा माणूस. बहुतेकदा तो माणूस नसतोच, पोऱ्या असतो. टाकीतले डिझेल काढायला नळीचे एक टोक आत सोडून दुसरे तोंडात धरतात आणि श्वासाने ओढतात. गॅरेजात हे काम नव्या पोराकडे येते आणि त्याच्या तोंडात डिझेल गेले, की बाकीचे हसतात. पोटात गेलेल्या घोटापेक्षा श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेला थेंब घातक असतो. त्याने फुप्फुसाला सूज येते, ताप आणि खोकला सुरू होतो, आणि घरचे थंडीतापाचे औषध देत राहतात. अशा पोराला ओकारी काढायला लावू नये, कारण ओकताना तेच डिझेल पुन्हा श्वासनलिकेत जाते. सरळ दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांना डिझेलचे नाव घेऊन सांगावे.

दुसरा धोका वेल्डिंगचा. टाकीला भोक असले, की ‘रिकामीच आहे’ म्हणून तिला तशीच टाका मारायला नेतात. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी भयंकर. तिच्या पोटात हवा आणि वाफ यांचे मिश्रण असते. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, हा भरवसाही आपल्या हवेत फार ताणू नये. आपल्या मानकाप्रमाणे डिझेलच्या वाफेने ठिणगीला पेट घेण्याचे तापमान किमान ३५ अंश असले, की ते विकता येते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याखालची टाकी त्याहून सहज तापते. भोक पडलेली टाकी धुऊन, वाफ पूर्ण घालवून, जाणत्या माणसाकडेच द्यावी. नाहीतर दुसरी घ्यावी.

डिझेल उपसायचा हातपंप हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांना मिळतो. मिस्त्रींच्या दुकानात तो दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेला असे, आणि त्यांच्याकडे कामाला आलेल्या पोराला पहिल्या दिवशी पाना नव्हे, तो पंप हातात मिळे.